सागरकानाचा उलटा पत्ता

निरोप तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा मात्र कस्तुरी खुर्चीतून उठलीच.

“खेकडू, तू नीट पाठवलास ना?”

“नीट पाठवला,” खेकडू म्हणाला. “तिन्ही वेळा नीट पाठवला. तिन्ही वेळा नीट परत आला.”

खेकडू हा श्रवणकेंद्रातला यंत्रमानव. सहा पाय आणि पाठ कढईसारखी गोल. पाण्यात उतरून तारांवरचं शेवाळ खरवडणं आणि वर आल्यावर निरोपांची ने-आण बघणं ही त्याची दोन कामं. थट्टा त्याला कळत नसे, त्यामुळे तो नेहमी खरं तेच बोलायचा.

देवगडपासून आत समुद्रात तरंगवाडी नावाचं गाव होतं. मोठमोठे तराफे एकमेकांना जोडून ते वसवलेलं होतं. तराफ्यांवर घरं, शाळा, दवाखाना होता आणि भोवती समुद्री शेवाळाची हिरवीगार शेती. अकरा वर्षांच्या कस्तुरी तांडेलचा जन्म इथलाच. आई-बाबा शेवाळाच्या कापणीला गेले की शाळा नसलेल्या दिवशी ती श्रवणकेंद्रात येऊन बसायची. तिथे सागरकान होता. पाण्याखाली तीन ठिकाणी सोडलेले मायक्रोफोन मिळून हा सागरकान झाला होता. दूरवर पोहणाऱ्या देवमाशांचे आवाज तो टिपायचा आणि तिन्ही ठिकाणच्या आवाजांची तुलना करून ते नेमके कुठे आहेत हे काढायचा. ती माहिती किनाऱ्यावरच्या नौकावाहतूक केंद्राकडे जायची. मग तिथला संगणक जवळपासच्या जहाजांना वेग कमी करायचा आदेश द्यायचा. एवढ्या साध्या व्यवस्थेमुळे देवमाशांना जहाजाची धडक बसणं जवळजवळ थांबलं होतं.

आज सकाळीच सागरकानाला एक मादी ऐकू आली होती. आणि तिच्या खोल, घुमणाऱ्या आवाजापाठोपाठ एक बारीक, दबका आवाज.

“पिल्लू आहे!” कस्तुरी आनंदाने ओरडली होती. पण पडद्यावरचा नकाशा पाहिल्यावर तिचा आनंद थोडा मावळला. मायलेकरं सरळ जहाजांच्या वाटेकडे निघाली होती.

आणि नेमका आजच निरोप परत येत होता. परत आलेल्या निरोपाखाली लिहिलं होतं :

‘निरोप स्वीकारला नाही. पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. शोधलेला पत्ता : ४७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा. असं नाव अस्तित्वात नाही.’

कस्तुरीने ते पुन्हा पुन्हा वाचलं. सागरकानाचा आयपी क्रमांक (इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला मिळणारा क्रमांक) पडद्यावर वरच लिहिलेला होता. २०३.०.११३.४७. मग हा ४७ पासून सुरू होणारा कुणाचा? आणि हे आर्पा कोण?

ती धावत बाहेर गेली. केंद्रामागच्या तराफ्यावर आबा नारळाच्या काथ्यात लावलेल्या टोमॅटोंना काठ्या बांधत होते. आबा म्हणजे जनार्दन खवणेकर, कस्तुरीच्या आईचे वडील. संगणकांच्या जाळ्यांवर संशोधन करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे तरंगवाडीत आले आणि गावाची इंटरनेटची जोडणी सांभाळू लागले.

“आबा, आपले निरोप कुणी घेत नाहीये! आणि आपला क्रमांक कुणीतरी उलटा केलाय!”

“उलटा?” आबांनी हातातली सुतळी खाली ठेवली. “कसा उलटा? शेवटी काय लिहिलंय?”

“आर्पा.”

आबांच्या कपाळावरची आठी गेली. “अस्सं. मग कुणी काही बिघडवलेलं नाही, बाय. तो उलटाच असतो. पण देवमासा कुठे आहे ते आधी सांग.”

“जहाजांच्या वाटेजवळ. पिल्लूही आहे बरोबर.”

“मग आधी फोन,” म्हणत आबा तिच्याबरोबर केंद्रात आले.

नौकावाहतूक केंद्रात त्या वेळी कॅप्टन मर्विन डिसोजा कामावर होते. तरंगवाडीतली सगळी मुलं त्यांना ओळखत. नाताळात ते स्वतः होडी घेऊन केक वाटायला यायचे.

“काका, मादी आणि पिल्लू आहे, वाटेच्या पश्चिमेला!” कस्तुरीने एका दमात सगळं सांगितलं.

“थांब, थांब. धान्याचं जहाज येतंय तिकडून. तुझ्या शब्दावर मी त्याला हळू करतो,” डिसोजा म्हणाले. “पण कस्तुरी, त्याच्यामागे आणखी जहाजं आहेत, आणि तुझा देवमासा काही एका जागी उभा राहणार नाही. दर थोड्या वेळाने त्याची नवी जागा आमच्या संगणकाला मिळायला हवी. फोनवर किती जहाजं सांभाळणार मी?”

“तुमचा संगणक आमचा निरोप का घेत नाही पण?”

“मध्यंतरी कुणीतरी खोटे निरोप पाठवले होते. नसलेल्या देवमाशांसाठी अर्धा दिवस जहाजं खोळंबली. तेव्हापासून ओळख पटल्याशिवाय तो कुणाचंच ऐकत नाही. तुमची ओळख कालपर्यंत पटत होती, आज पटत नाही. ते तुम्ही बघा, मी जहाजाकडे बघतो.”

फोन ठेवून कस्तुरीने आबांकडे पाहिलं. “काल काय झालं होतं?”

“काल आपण उपग्रहाची जुनी जोडणी सोडून समुद्राखालच्या नव्या केबलवर आलो. जोडणी बदलली की क्रमांक बदलतो. नवा क्रमांक मिळाला, निरोप बाहेर जायला लागले, आपण खूश झालो.” आबा स्टुलावर बसले. “आता सांग, तुमच्या वर्गात हजेरी कशी घेतात?”

“क्रमांकाने. माझा नऊ.”

“बाईंना तुझं नाव माहीत असेल आणि क्रमांक हवा असेल तर?”

“हजेरीपटात माझं नाव शोधायचं, शेजारी नऊ दिसेल.”

“इंटरनेटवर रोज हेच चालतं. आपण नाव लिहितो आणि डीएनएस (नावांवरून क्रमांक शोधून देणारी व्यवस्था) क्रमांक आणून देते. ‘सागरकान.तरंगवाडी.भारत’ हे नाव विचारलं की आपला क्रमांक मिळायला हवा. पण समज, एखाद्या उत्तरपत्रिकेवर नुसता नऊ लिहिलाय. नाव नाही. तर?”

“तर नऊ क्रमांक कुणाचा ते शोधायचं. उलट दिशेने.”

“डिसोजांचा संगणक तेच करतोय. त्याच्याकडे निरोप आला, निरोपावर क्रमांक आहे. हा क्रमांक कुणाचा, असं तो विचारतोय. या उलट शोधासाठी इंटरनेटवर एक जागा राखून ठेवलेली आहे. तिचं नाव आर्पा.”

“म्हणजे वेबसाइट आहे ती?”

“नाही गं. नावाचा शेवटचा तुकडा असतो ना, ‘भारत’सारखा, त्याला वरच्या पातळीचं क्षेत्र म्हणतात. बहुतेक क्षेत्रांत कुणीही पैसे भरून नाव घेऊ शकतं. दुकानदार घेतात, शाळा घेतात, गाणारे घेतात. आर्पात नाव विकत मिळत नाही. तिथे दुकान नाही, चित्रं नाहीत, बघायला जाण्यासारखं काहीच नाही. इंटरनेट चालू राहावं म्हणून लागणाऱ्या नोंदी तेवढ्या तिथे असतात. आपल्या घरांखालून पाण्याचे नळ गेलेत, त्यांच्या चाव्यांची एक खोली आहे ना दवाखान्यामागे? तिच्यावर पाटी नाही. तिथे कुणी फिरायला जात नाही. पण ती नसेल तर सकाळी आंघोळ नाही.”

“आणि आर्पा म्हणजे काय?”

“इंटरनेटच्या आधी संशोधकांनी एक छोटं जाळं उभारलं होतं, त्याचं हे नाव. जाळं केव्हाच बंद पडलं, नाव राहिलं. पुढे त्या अक्षरांना नवा अर्थ दिला. पत्ते आणि वाटा यांच्या तांत्रिक बाबींसाठीचं क्षेत्र, असा काहीसा.”

कस्तुरीने पडद्यावरच्या त्या विचित्र ओळीवर बोट ठेवलं. “पण उलटा का? सरळ लिहिला असता तर काय बिघडलं असतं?”

आबा हसले. “आजीला पार्सल पाठवताना पत्ता कसा लिहितेस?”

“आधी तिचं नाव. मग घर, गाव, तालुका, जिल्हा.”

“लहानापासून मोठ्याकडे. आणि परदेशातून तिला फोन करायचा असेल तर?”

“आधी देशाचा क्रमांक, मग…” कस्तुरी थबकली. “मोठ्याकडून लहानाकडे!”

“आता आपलं नाव बघ.”

“सागरकान, तरंगवाडी, भारत. लहान, मग मोठं, मग सगळ्यात मोठं.” तिने क्रमांक कागदावर लिहिला. “आणि यात? २०३ मोठा का?”

“हो. २०३ पासून सुरू होणारे क्रमांक लाखो आहेत. त्यांतला एक छोटा गट २०३.०.११३. आणि त्या गटातलं एकच यंत्र म्हणजे ४७.”

“म्हणजे क्रमांक उलट्या दिशेने लिहिलेला असतो. त्याला नावांच्या रांगेत बसवायचं तर फिरवून लहानाकडून मोठ्याकडे लिहायला हवा! मग ४७ पहिला आला.” कस्तुरीचे डोळे चमकले. “आणि इन-ॲडर?”

“आर्पामधला आपल्यासारख्या छोट्या क्रमांकांचा विभाग. अलीकडच्या खूप लांब क्रमांकांसाठी शेजारी दुसरा विभाग आहे. शोधायची रीत तीच.”

पडद्याशी उभा असलेला खेकडू मध्येच म्हणाला, “मादी वाटेच्या अगदी जवळ आली आहे. धान्याचं जहाज हळू झालं आहे.”

कस्तुरीने भराभरा नवी जागा फोनवर डिसोजांना कळवली आणि परत वळली. “आबा, मग ते नाव सापडत का नाही? रांगेत कुठेतरी तुटलंय का?”

“तूच शोध. खेकडूला प्रश्न विचारायला सांग. नाव उजवीकडून वाचायचं, कारण सगळ्यात मोठं तिथे आहे.”

कस्तुरी पडद्यासमोर बसली. “खेकडू, सगळ्यात आधी मूळ सर्व्हरला (सर्व नावांच्या मुळाशी असलेल्या संगणकाला) विचार, आर्पा कोण सांभाळतं?”

“उत्तर आलं.”

“आता त्यांना विचार, इन-ॲडर कुणाकडे?”

“उत्तर आलं.”

“२०३?”

“उत्तर आलं.”

“शून्य? मग ११३?”

“उत्तर आलं. ११३ हा गट समुद्राखालच्या केबलच्या मंडळाकडे आहे. कार्यालय कुडाळ.”

“आता त्यांना विचार, ४७ कोण?”

खेकडूने विचारलं. “असं नाव नाही.”

कस्तुरी टाळी वाजवून उभी राहिली. “म्हणजे वाट थेट कुडाळपर्यंत नीट आहे! त्यांनी आपल्याला क्रमांक दिला, पण तो कुणाला दिला हे लिहायचं राहिलं!”

“आणि आपण त्यांना लिहा म्हणून सांगायला हवं होतं, तेही राहिलं,” आबा म्हणाले. “लाव फोन.”

कुडाळच्या कार्यालयात नाझनीन मुकादम नावाच्या अभियंता बाई होत्या. कस्तुरीचं बोलणं त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“तुम्ही क्रमांक घेतला तेव्हा यंत्राचं नाव कळवलं नव्हतं, म्हणून जागा रिकामी राहिली,” त्या म्हणाल्या. “मी आत्ता लिहिते. पण फोनवर कुणीही काहीही सांगेल, खरं ना? खवणेकर सरांनी गावाच्या खात्यातून मला तशी विनंती पाठवू दे. ती आली की लगेच करते.”

आबांनी विनंती पाठवली. बाईंनी नाव एकेक अक्षर वाचून दाखवलं, कस्तुरीने प्रत्येक अक्षराला हो म्हटलं. थोड्याच वेळात खेकडूने पुन्हा विचारलं तेव्हा कुडाळहून उत्तर आलं : ४७ म्हणजे सागरकान.तरंगवाडी.भारत.

“पाठव निरोप!”

निरोप गेला. आणि परत आला.

कस्तुरीचा चेहरा पडला. “आता काय? नाव तर लिहिलंय!”

“कुडाळला लिहिलंय. डिसोजांच्या संगणकाला अजून ठाऊक नाही,” आबांनी तिला जवळ बसवलं. “त्याला मघाशी ‘असं नाव नाही’ हे उत्तर मिळालं होतं. दरवेळी सगळी वाट तुडवायला लागू नये म्हणून संगणक मिळालेलं उत्तर थोडा वेळ लक्षात ठेवतात. ‘नाही’ हे उत्तरसुद्धा. ती वेळ संपली की तो पुन्हा विचारेल.”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत तू डिसोजांना जागा सांगत राहा.”

कस्तुरी फोनवर जागा सांगत राहिली. आई-पिल्लू वाटेच्या कडेला आली होती आणि पिल्लू मध्येच थांबत होतं, बहुधा दूध पीत होतं. धान्याचं जहाज हळूहळू पलीकडून निघून गेलं. पण नकाशाच्या कोपऱ्यात आणखी एक ठिपका दिसू लागला होता. मोठा आणि वेगवान.

“ते कंटेनरचं जहाज आहे,” डिसोजा म्हणाले. “त्याला चालवायला माणूस नाही, पूर्ण यंत्रावर चालतं. ते फक्त आमच्या संगणकाचा आदेश मानतं. मला हाताने थांबवायचं तर मालकांची परवानगी लागेल. मागतोय मी, पण तुमचं जमतंय का बघ लवकर.”

कस्तुरीने फोन ठेवला. तिच्या मनात मघापासून एक गोष्ट घोळत होती. मुकादम बाई म्हणाल्या होत्या, फोनवर कुणीही काहीही सांगेल.

“आबा, कुडाळच्या बाई चांगल्या आहेत. पण दुसरा एखादा गट एखाद्या लबाड माणसाकडे असेल तर? तो त्याच्या क्रमांकासमोर आपलं नाव लिहील, सागरकान.तरंगवाडी.भारत! मग त्याचे खोटे निरोप आपले वाटतील.”

आबांनी भुवया उंचावल्या.

“म्हणून मी असते ना तो संगणक,” कस्तुरी सावकाश म्हणाली, “तर मी दोनदा विचारलं असतं. आधी क्रमांकाला विचारायचं, तुझं नाव काय? मग त्या नावाला विचारायचं, तुझा क्रमांक काय? लबाड माणसाला आर्पातली स्वतःच्या क्रमांकाची नोंद बदलता येईल, पण तरंगवाडीची नोंद आपल्या हातात आहे. ती तर तो बदलू शकणार नाही. दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं.”

“शाब्बास,” आबा म्हणाले. “तो अगदी असंच करतो.”

“मग खेकडू, आपल्या नावाला विचार की त्याचा क्रमांक काय!”

खेकडूने विचारलं. उत्तर पडद्यावर उमटलं, आणि कस्तुरीने कपाळावर हात मारला. तो उपग्रहाच्या जोडणीचा जुना क्रमांक होता.

“बघा! आपण नवा लिहिलाच नाही!”

आबा झटकन उठले. “खरंच की. निरोप बाहेर पाठवताना हे नाव कुणी विचारत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बस इथे. माझ्या खात्यातून नोंदींचं पान मी उघडून देतो, क्रमांक तू लिही.”

कस्तुरीने लिहिलं. या वेळी सरळ : २०३.०.११३.४७. एकेक आकडा तपासला. खेकडूने पुन्हा नावाला विचारलं, क्रमांक आला. क्रमांकाला विचारलं, नाव आलं.

“दोन्ही जुळतात,” खेकडू म्हणाला.

मग तिघंही पडद्यासमोर वाट बघत राहिली. मोठा ठिपका पुढे सरकत होता. सागरकानातून आईचा खोल आवाज येत होता आणि मधूनच पिल्लाचा. कस्तुरीने आबांचा हात घट्ट धरला होता. खेकडू न कंटाळता पुन्हा पुन्हा निरोप पाठवत होता, आणि दर वेळी तो परत येत होता.

आणि मग एकदा तो परत आला नाही.

पडद्यावर हिरवी ओळ उमटली : ‘सागरकान.तरंगवाडी.भारत. ओळख पटली. निरोप स्वीकारला.’

फोन वाजला. “आला, आला!” डिसोजा ओरडत होते. “संगणकाने जहाजाला आदेश दिलाय! बघ नकाशावर!”

मोठ्या ठिपक्याचा वेग कमी झाला. मग त्याची दिशा किंचित वळली. दक्षिणेकडून मोठा वळसा घालत तो पुढे गेला. मादी आणि पिल्लू आपल्याच नादात वाट ओलांडून खुल्या समुद्रात निघून गेली. कस्तुरी आबांच्या गळ्यात पडली. खेकडू सहाही पाय दुमडून एकदम खाली बसला. तो बराच वेळ उभा होता.

दुपारी आई-बाबा कापणीवरून आले, तेव्हा कस्तुरीने त्यांना जेवता जेवता सगळी गोष्ट सांगितली. आर्पाचा भाग तिने दोनदा सांगितला, कारण बाबांना तो पहिल्यांदा कळला नाही. मग बाबांनी स्वतःचा फोन क्रमांक आमटीच्या वाटीशेजारी ताटात बोटाने उलटा लिहून पाहिला.

“फोन क्रमांकांसाठीही तिथे एक विभाग ठेवलेला आहे,” आबा म्हणाले. “आणि घरातल्या घरात एकमेकांशी बोलणाऱ्या यंत्रांसाठीही एक. लोकांच्या नजरेत येत नाही, पण गरज पडेल तशी तिथे नवी जागा करता येते.”

“मग उद्या चंद्रावरच्या यंत्रांसाठी काही लागलं तर?” कस्तुरीने विचारलं.

“तर तुमच्यापैकी कुणाला तरी ते ठरवावं लागेल,” आबा म्हणाले आणि त्यांनी भात वाढून घेतला.

पावसाळा संपल्यावर किनाऱ्यालगत आणखी सागरकान बसवायचं ठरलं. हर्णैजवळ समुद्रात नवी वाडी वसत होती. तिथल्या शाळेतल्या श्रावस्ती नावाच्या मुलीने एके दिवशी तरंगवाडीला फोन लावला. त्यांचा सागरकान कालच पाण्यात उतरला होता, आणि मुकादम बाईंनी तिला सांगितलं होतं की नावं कशी लिहायची ते कस्तुरी तांडेलला विचार.

“सगळं खूप अवघड आहे का?” श्रावस्तीने जरा घाबरतच विचारलं.

“अजिबात नाही,” कस्तुरी खुर्ची पुढे ओढत म्हणाली. “तुझ्याजवळ कागद आहे ना? तुमच्या सागरकानाचा क्रमांक लिही त्यावर. लिहिलास? आता तो शेवटाकडून वाच बघू.”